४ जुलैचा दिनविशेष: आधी क्रियापद ठरवा, मग तारीख

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेतल्या तुमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ४ जुलैच्या सहलीत ‘अमेरिकेच्या इतिहासात आजचा दिवस’ असा फलक लावायचा आहे. जन्म, मृत्यू, घटना असे तीन रकाने. चार-पाच याद्या जमवल्या, साठेक नोंदी झाल्या, आणि आता याद्या एकमेकींशी भांडायला लागल्या आहेत. एकीत अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या ४ जुलैला झाल्या, दुसरीत २ ऑगस्टला. एकीत जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँगचा जन्म ४ जुलै १९०० चा, दुसरीत भलताच. कुठली यादी खरी मानायची आणि साठातल्या किती ठेवायच्या, हे तुम्ही विचारलंय.

यादी निवडून हा प्रश्न सुटणार नाही. दिनविशेषाच्या याद्या बहुतेक एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे पाच याद्यांत एकच तारीख असली तरी ते पाच साक्षीदार होत नाहीत. एकाच साक्षीदाराच्या त्या पाच नकला असतात. खरी अडचण तारखेच्या आधीच सुरू होते: त्या दिवशी नेमकं काय झालं, हे क्रियापद नोंदीत चुकलेलं असतं. ठराव मंजूर झाला, मसुदा स्वीकारला, छापला, वाचून दाखवला, सह्या केल्या ही पाच वेगळी कामं आहेत आणि त्यांच्या तारखाही वेगळ्या आहेत. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे आधी क्रियापद लिहा आणि मग फक्त त्या क्रियापदाची तारीख शोधा. अर्ध्याहून जास्त भांडणं इथेच मिटतात.

४ जुलै १७७६ वरच हे करून पाहू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. स्वातंत्र्याचा ठराव व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री ली यांनी ७ जूनला मांडला. फिलाडेल्फियात भरलेल्या काँग्रेसने, म्हणजे तेरा ब्रिटिश वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, तो २ जुलैला मंजूर केला. बारा वसाहती बाजूने होत्या, न्यूयॉर्कचे प्रतिनिधी तटस्थ राहिले, कारण त्यांना आपल्या वसाहतीकडून परवानगी आली नव्हती. ती ९ जुलैला मिळाली. जॉन ॲडम्स यांनी तर ३ जुलैला पत्नी ॲबिगेल यांना लिहिलं होतं की पुढच्या पिढ्या २ जुलै हाच दिवस साजरा करतील. ४ जुलैला काँग्रेसने स्वीकारला तो जाहीरनाम्याचा मजकूर, म्हणजे ठराव का केला हे जगाला सांगणारा कागद. त्याच रात्री जॉन डनलॅप या मुद्रकाच्या छापखान्यात त्याच्या सुमारे दोनशे प्रती छापायला घेतल्या. ६ जुलैला तो फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात आला आणि ८ जुलैला लोकांसमोर जाहीरपणे वाचला गेला. चामड्याच्या कागदावर सुवाच्य अक्षरात प्रत काढायचा आदेश निघाला १९ जुलैला, आणि त्या प्रतीवर बहुतेकांनी सह्या केल्या २ ऑगस्टला. काहींनी त्याहीनंतर केल्या. न्यू हॅम्पशायरच्या मॅथ्यू थॉर्नटन यांची सही तर नोव्हेंबरातली आहे.

मग ‘४ जुलैला सह्या’ ही चूक इतकी पसरली कशी? दोन्ही कागदांचे फोटो शेजारी ठेवून पाहा. डनलॅपच्या छापील पानावर वर ‘काँग्रेसमध्ये, ४ जुलै १७७६’ असं आहे, आणि खाली छापील नावं फक्त दोन: अध्यक्ष जॉन हँकॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन. हस्तलिखित प्रतीवर वर तीच ४ जुलै तारीख आहे, खाली मात्र छप्पन्न सह्या. वरची तारीख मजकूर स्वीकारल्याची, खालच्या सह्या महिन्याभरानंतरच्या. वर तारीख आणि खाली सह्या दिसल्या की वाचणारा दोन्ही एकाच दिवसाच्या समजतो. आणखी एक खूण आहे. छापील पानाच्या शीर्षकात ‘एकमताने’ हा शब्द नाही, हस्तलिखितात आहे, कारण न्यूयॉर्कची संमती मधल्या काळात आली. तेव्हा फलकावर लिहा: ‘१७७६: फिलाडेल्फियात काँग्रेसने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मजकूर स्वीकारला.’ सह्यांचा उल्लेख हवाच असेल तर त्याच नोंदीत ‘सह्या २ ऑगस्टपासून’ एवढं जोडा.

चित्राबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण फलकावर चित्र येणारच, आणि ते बहुधा चित्रकार जॉन ट्रंबल यांनी काढलेलं असेल. दोन डॉलरच्या नोटेच्या मागे छापलेलं आहे तेच. खिशात नोट असेल तर काढून पाहा. मेजामागे हँकॉक बसलेत, समोर पाच जण उभे आहेत आणि मजकूर लिहिणारे उंच थॉमस जेफर्सन कागद पुढे करताहेत. सही कुणीच करत नाहीये. मसुदा समितीने मजकूर काँग्रेसपुढे ठेवला तो हा प्रसंग, म्हणजे २८ जून. त्या पाचांतले न्यूयॉर्कचे रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांची तर छप्पन्न सह्यांत सहीच नाही. उलट सही करणारे बेंजामिन रश ४ जुलैला काँग्रेसचे सदस्यही नव्हते, त्यांची निवड २० जुलैची. चित्र जरूर लावा, ओळ मात्र ‘मसुदा सादर करताना’ अशी घाला.

आता मृत्यूंचा रकाना. या दिवसाचं खरं नवल तिथेच आहे, आणि जागा तिथे सढळ हाताने द्यावी. ४ जुलै १८२६, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं. दुपारी एकच्या थोडं आधी व्हर्जिनियात माँटिसेलो इथे थॉमस जेफर्सन वारले आणि त्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये क्विन्सी इथे जॉन ॲडम्स. एकाने मजकूर लिहिला, दुसऱ्याने तो सभागृहात लढवला. दोघे राष्ट्राध्यक्ष झाले, राजकारणात दुरावले आणि म्हातारपणी पत्रांतून पुन्हा मित्र झाले. पाच वर्षांनी, ४ जुलै १८३१ ला, न्यूयॉर्कमध्ये जेम्स मन्रो वारले. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी तिघांची एकच तारीख. चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन हे २८ जून १८३६ ला गेले. काही याद्या त्यांनाही ४ जुलैला ओढून आणतात, तसं करू नका.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे ॲडम्स यांचे शेवटचे शब्द. ‘थॉमस जेफर्सन अजून आहेत’ अशा अर्थाचं ते बोलले, हे सगळीकडे ठामपणे छापलेलं सापडेल. त्यांचा मुलगा जॉन क्विन्सी ॲडम्स तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता आणि वॉशिंग्टनला होता. त्याने नंतर घरच्यांकडून ऐकून रोजनिशीत जे लिहिलं त्यात शेवटचा शब्द अस्पष्ट होता, असं स्वच्छ म्हटलंय. म्हणून ‘असं सांगितलं जातं’ हे शब्द गाळू नका. बातमी किती हळू पोचत होती तेही या घरात दिसतं: मुलाला जेफर्सन गेल्याचं ६ जुलैला कळलं आणि वडील गेल्याचं ९ जुलैला, घरी निघाल्यावर वाटेत. जुन्या वृत्तपत्रावरून तारीख घेताना हे अंतर ध्यानात ठेवायचं. अंकाची तारीख वेगळी, बातमीच्या सुरुवातीला दिलेली गावाची तारीख वेगळी आणि बातमीतलं ‘काल’ किंवा ‘गेल्या मंगळवारी’ आणखी वेगळं. नुसत्या ‘मंगळवारी’वरून तारीख काढायची असेल तर त्या वर्षाच्या कॅलेंडरवर वार ताडून पाहा. १७७६ चा ४ जुलै गुरुवार होता, १८६३ चा शनिवार. वार जुळला नाही तर कुठेतरी गडबड आहे एवढं नक्की.

दुसरं म्हणजे वय. सालातून साल वजा केलं की ॲडम्स ९१ वर्षांचे होतात, आणि ते चूक आहे. जन्म ३० ऑक्टोबर १७३५ चा, म्हणजे जुलै १८२६ मध्ये नव्वद पूर्ण, एक्क्याण्णवावं चालू. जेफर्सन ८३ आणि मन्रो ७३, कारण दोघांचे वाढदिवस एप्रिलमध्ये होऊन गेले होते. ‘वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी’ असं लिहिलंत तर बरोबर, ‘९१ वर्षांचे’ लिहिलंत तर चूक.

जन्मतारखांत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली माणसं आली की कालगणनेचा घोळ येतो. ब्रिटन आणि त्याच्या अमेरिकी वसाहतींनी ज्युलियन पद्धत सोडली ती १७५२ मध्ये: २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. शिवाय तोवर त्यांचं नवं वर्ष कायद्याने २५ मार्चला लागायचं. म्हणून १७०० च्या मार्चपासून सप्टेंबर १७५२ पर्यंतच्या जुन्या तारखेत अकरा दिवस मिळवायचे, आणि मूळ तारीख १७५२ आधीची आणि १ जानेवारी ते २४ मार्च या टप्प्यातली असेल तर सालही एकाने वाढवायचं. वॉशिंग्टन यांची जुनी नोंद ११ फेब्रुवारी १७३१ ची, नवी तारीख २२ फेब्रुवारी १७३२. जेफर्सन यांच्या थडग्यावर २ एप्रिल १७४३ कोरलंय आणि पुढे ‘जुनी पद्धत’ अशी खूण आहे, म्हणून याद्यांत १३ एप्रिल दिसतो. दोन्ही बरोबरच आहेत. मराठी वाचकाला यात परकं काही नाही. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही ज्युलियन आहे, आजच्या पद्धतीने तो दिवस १ मार्चला पडतो. तुमच्या यादीत १७५२ आधीचा कुणी ‘४ जुलैला जन्मला’ असं आलं तर त्याची तारीख जुनी की नवी हे ठरल्याशिवाय ती नोंद घेऊ नका.

१७५२ नंतरच्या जन्मांत कालगणनेचा त्रास नाही, पण हौसेचा आहे. अमेरिकेत ४ जुलैचा जन्म मिरवण्यासारखा, त्यामुळे तो थोडा ओढून घेतला जातो. आर्मस्ट्राँग आयुष्यभर ४ जुलै १९०० हीच जन्मतारीख सांगत. १९७१ मध्ये ते गेले, आणि १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद समोर आली: जन्म ४ ऑगस्ट १९०१. त्या काळच्या मुलांच्या जन्माचा पुरावा बऱ्याचदा हाच, कारण बाप्तिस्मा जन्मानंतर थोड्याच दिवसांत होई आणि पाद्री त्याच वेळी लिहून ठेवी. रंगभूमीवरचे जॉर्ज कोहन यांचंही तसंच: घरचे ४ जुलै १८७८ म्हणत, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ३ जुलै आहे. माणसाचं स्वतःचं म्हणणं आणि त्या काळातली नोंद यांत फरक पडला तर मी नोंदीच्या बाजूने जाते. आर्मस्ट्राँगना जन्मांच्या रकान्यातून काढा. गाळवत नसतील तर ‘आपला जन्म ४ जुलैचा मानत’ असं लिहा.

निर्धास्तपणे घ्यावेत असे जन्म: १८०४, कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न, सेलम, मॅसॅच्युसेट्स. १८२६, गीतकार स्टीफन फॉस्टर, पिट्सबर्गजवळ. जेफर्सन आणि ॲडम्स गेले त्याच दिवशीचा हा जन्म, म्हणून दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. १८७२, कॅल्विन कूलिज, व्हरमाँटमधलं प्लिमथ नॉच. या तारखेला जन्मलेले ते एकमेव राष्ट्राध्यक्ष.

घटनांमध्ये पुन्हा क्रियापद. ४ जुलै हा समारंभाचा दिवस असल्याने पुढाऱ्यांनी कोनशिला, भूमिपूजनं, घोषणा मुद्दाम त्याच दिवशी ठेवल्या. त्यामुळे ‘सुरू झालं’, ‘पूर्ण झालं’ आणि ‘जाहीर झालं’ यांची सरमिसळ होते. एरी कालव्याचं खोदकाम १८१७ मध्ये याच दिवशी सुरू झालं. कालवा पूर्ण झाला १८२५ च्या ऑक्टोबरात. बाल्टिमोर-ओहायो रेल्वेची पायाभरणी १८२८ मध्ये चार्ल्स कॅरल यांच्या हस्ते झाली. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी तेव्हा तेवढे एकच हयात होते. लुइझियाना प्रदेशाच्या खरेदीचा करार पॅरिसमध्ये ३० एप्रिल १८०३ ला झाला, वॉशिंग्टनमध्ये ती बातमी ४ जुलैला जाहीर झाली आणि न्यू ऑर्लिन्सचा ताबा मिळाला २० डिसेंबरला. फलकावर ‘जाहीर’ हाच शब्द हवा. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८४ च्या ४ जुलैला पॅरिसमध्ये अमेरिकेच्या राजदूताकडे सुपूर्द केला. न्यूयॉर्कमधलं लोकार्पण २८ ऑक्टोबर १८८६ चं. राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर १८५० मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या ४ जुलैच्या समारंभाला उन्हात बसले, त्यानंतर आजारी पडले आणि वारले ते ९ जुलैला. त्यांना मृत्यूंच्या रकान्यात घालू नका.

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाची नोंद हवीच. १८६३ मध्ये ४ जुलैला मिसिसिपी नदीवरचं व्हिक्सबर्ग उत्तरेच्या जनरल ग्रँट यांच्या स्वाधीन झालं, ४७ दिवसांच्या वेढ्यानंतर. गेटिसबर्गची लढाई मात्र १ ते ३ जुलैची. ४ तारखेला दक्षिणेच्या जनरल रॉबर्ट ली यांच्या फौजेची माघार सुरू झाली. ‘४ जुलै: गेटिसबर्गचा विजय’ असं दिसलं तर खोडा.

अवकाशातल्या घटनांना घड्याळ जोडायला विसरू नका, कारण सहलीचा फोटो तुम्ही पुण्याच्या नातेवाइकांना पाठवणार. जूनो यान गुरूच्या कक्षेत गेल्याचा संदेश आला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये ४ जुलै २०१६ च्या रात्रीचे ११ वाजून ५३ मिनिटं झाली होती आणि पुण्यात ५ जुलैच्या सकाळचे ९:२३. २००५ मध्ये डीप इम्पॅक्ट यानाची धूमकेतूशी टक्कर झाली ती न्यूयॉर्कच्या ४ जुलैच्या पहाटे १:५२ ला, पण जिथून मोहीम चालवली त्या कॅलिफोर्नियात अजून ३ जुलैची रात्र होती. १९९७ मध्ये पाथफाइंडर मंगळावर उतरलं, तेव्हा अमेरिकेत आणि भारतात दोन्हीकडे ४ जुलैच होता: कॅलिफोर्नियात सकाळचे दहा, भारतात रात्रीचे साडेदहा. एकच यान घ्यायचं तर हे घ्या.

किती नोंदी ठेवायच्या हे फलकावर आणि वाचणाऱ्यांवर अवलंबून आहे. तीन बाय चार फुटांचा फलक आणि हातात ताटली घेऊन उभ्याने वाचणारी माणसं धरली तर बारा ते चौदा, प्रत्येकी वीस-पंचवीस शब्दांच्या. मुलांसाठी प्रश्नमंजुषा करणार असाल तर आठ पुरे, पण त्या जरा विस्ताराने. आधी परदेशी नोंदी बाजूला काढा. इटलीच्या गॅरिबाल्डींचा जन्म, मेरी क्युरींचा मृत्यू, युगांडातल्या एंटेबी विमानतळावरच्या ओलिसांची सुटका या ४ जुलैच्याच, पण अमेरिकेच्या इतिहासातल्या नाहीत. स्वामी विवेकानंद ४ जुलै १९०२ ला बेलूर मठात गेले, हे आपल्या दिनविशेषात दरवर्षी असतं. चार वर्षं आधी काश्मीरमध्ये अमेरिकी शिष्यांसोबत असताना त्यांनी याच दिवसावर एक इंग्रजी कविता लिहिली होती. मंडळाच्या फलकावर त्यांना जागा हवीच, पण खाली वेगळ्या चौकटीत.

टिपणं वहीत न ठेवता संगणकावर ठेवत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. अमेरिकी याद्यांत ७/४/१८२६ म्हणजे ४ जुलै. आपल्या सवयीने तो ७ एप्रिल वाचला जातो, आणि उलटही होतं. दुसरं, एक्सेलला १९०० आधीच्या तारखा तारीख म्हणून कळत नाहीत, त्यामुळे क्रम लावताना एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी विसाव्या शतकाच्या खाली जाऊन बसतात. वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने करा, महिना अक्षरात लिहा आणि चौथ्या रकान्यात ते क्रियापद.

निवड करताना एक आग्रह धरीन. नुसते राष्ट्राध्यक्ष आणि कोनशिला भरू नका. या दिवसाने दिलेलं वचन कुणापर्यंत कधी पोचलं, हेही याच तारखेला दिसतं. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी १८१७ च्या कायद्यानुसार ४ जुलै १८२७ ला संपली. १८७६ मध्ये शताब्दीच्या मुख्य समारंभात स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी आणि त्यांच्या सहकारी न बोलावता व्यासपीठापर्यंत गेल्या, स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा तिथे हाती दिला आणि बाहेरच्या चौकात तो मोठ्याने वाचला. १८८१ मध्ये अलाबामात बुकर टी. वॉशिंग्टन यांची कृष्णवर्णीयांसाठीची टस्कीगीची शाळा याच दिवशी सुरू झाली.

आणि गुलामगिरीतून निसटलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस. गुलामासाठी ४ जुलै म्हणजे काय, असं विचारणारं त्यांचं भाषण तुमच्या पाचही याद्यांत ४ जुलै १८५२ ला असण्याची शक्यता फार आहे. त्या वर्षी ४ तारखेला रविवार होता आणि रॉचेस्टरमधलं ते भाषण झालं सोमवारी, ५ जुलैला. न्यूयॉर्क शहरातल्या कृष्णवर्णीयांनी १८२७ मध्ये मुक्तीची मिरवणूकही ५ तारखेलाच काढली होती. या दोन्ही नोंदी ४ जुलैत कोंबू नका. फलकाच्या उजव्या कडेला सहा इंचांची पट्टी मोकळी सोडा, वर ‘५ जुलै’ लिहा आणि त्या दोन्ही तिथे घ्या.